डागांना गुण देताना

निबंधाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. त्याच उत्तरपत्रिका महिन्याभराने पुन्हा तपासल्या तर काही गुण बदलतात. शेजारच्या शाळेतील शिक्षकांनी तपासल्या तर आणखी बदलतात. एरवी एखाद्या गुणाच्या फरकाने फारसे बिघडत नाही. पण ३४ आणि ३५ यांच्यामध्ये उत्तीर्णतेची रेघ असते, आणि तेथे त्या एका गुणाला फार मोल येते.

त्वचेवरील डाग आणि गाठी ओळखण्याच्या शास्त्रातही अशीच गुण देण्याची पद्धत आहे. डर्मोस्कोप नावाच्या तळहाताएवढ्या उपकरणातून डाग पाहायचा, त्यातील खुणा मोजायच्या, त्यांना गुण देऊन बेरीज करायची. बेरीज ५.४५ च्या वर गेली तर डाग मेलानोमाचा, म्हणजे लवकर न काढल्यास शरीरभर पसरणाऱ्या कर्करोगाचा, असल्याची दाट शक्यता मानायची. मी डॉक्टर नव्हे. ऊतींमध्ये प्रकाशाचे विकिरण कसे होते हा माझ्या संशोधनाचा विषय असल्याने या उपकरणाशी माझा संबंध आला. उपकरण उत्तम आहे, हे आधीच सांगतो. त्यातून दिसणाऱ्या चित्राला आकडे कसे चिकटवले जातात आणि त्या आकड्यांवर किती विसंबायचे, याची मात्र चिकित्सा व्हायला हवी.

प्रकाशाला आत कसे शिरू द्यायचे?

नुसत्या डोळ्यांनी त्वचेच्या आतले का दिसत नाही? त्वचा अपारदर्शक आहे म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराचा अपवर्तनांक सुमारे १.५५ आहे आणि हवेचा १. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा किती भाग परावर्तित होईल हे काढण्याची रीत सोपी आहे : दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि उत्तराचा वर्ग करायचा. येथे ०.५५ भागिले २.५५, त्याचा वर्ग सुमारे ०.०४७. म्हणजे जेमतेम पावणेपाच टक्के प्रकाश वरच्या वर परततो. पण त्वचा खडबडीत असल्याने तो सर्व दिशांना पसरतो, आणि आतून फिरून येणारा मंद प्रकाश या चकाकीत हरवतो.

आता त्वचेवर तेलाचा थेंब टाकून वर सपाट काच ठेवली तर? तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ धरला तर त्वचेच्या पृष्ठभागावरील परावर्तन ०.०७ टक्क्यावर येते. चकाकी जाते आणि त्वचा जणू खिडकी होते. वर्गात हे घासलेल्या काचेवर दाखवता येईल. काचेच्या खरखरीत बाजूवर पाण्याचे बोट फिरवले की तेवढ्याच पट्ट्यातून पलीकडचे दिसू लागते.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेवर तेल लावून पाहिले होते. १९२० च्या सुमारास म्यूनिकच्या साफियर यांनी या तपासणीला डर्मॅटोस्कोपी हे नाव दिले. १९८७ मध्ये व्हिएन्नातील पेहॅमबर्गर, स्टाइनर आणि वोल्फ यांनी डागांमधील आकृतिबंधांची पद्धतशीर वर्गवारी मांडली, आणि तेथून हे तंत्र खऱ्या अर्थाने दवाखान्यात आले. हातात धरण्याजोग्या उपकरणाची विशालनशक्ती बहुधा दहा पट असते. पुढे तेलाऐवजी पोलरॉइड वापरणारी उपकरणेही निघाली. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण कायम राहते, आत विखुरलेल्या प्रकाशाचे नाहीसे होते. आडवा पोलरॉइड लावला की पहिला अडतो, दुसरा काही प्रमाणात पार होतो.

रंगांवरून खोली

आत डोकावल्यावर पहिली गंमत दिसते ती रंगांची. मेलॅनिन हे रंगद्रव्य एकच, पण ते वरच्या थरात असेल तर काळे दिसते, थोडे खाली बाह्यत्वचेच्या तळाशी असेल तर तपकिरी, आणि त्याखालच्या अंतस्त्वचेत असेल तर करडे-निळे. कारण आकाशाच्या निळाईचेच भावंड आहे. निळा प्रकाश वरच्या ऊतींमध्येच अधिक विखुरतो आणि परततो. तांबडा खोलवर जातो आणि तेथील मेलॅनिनमध्ये शोषला जातो. परत आलेल्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण वाढते. म्हणजे डर्मोस्कोपमध्ये रंग पाहणे हे खोली मोजण्यासारखे आहे. निदानाचा भौतिक पाया तो हाच.

या पायावर निरनिराळ्या गाठी वेगळ्या काढता येतात. साध्या तिळात रंगद्रव्याची जाळी एकसारखी असते आणि कडेला विरत जाते. मेलानोमात ती जाळी कोठे जाड, कोठे तुटक होते. कडेला वेडेवाकडे फाटे फुटतात. मधूनच निळसर-पांढरा पडदा ओढल्यासारखे दिसते. उतारवयात चेहऱ्यावर व पाठीवर चिकटवल्यासारखे तपकिरी-काळे उंचवटे येतात, त्यांना सेबोरिक केराटोसिस म्हणतात. ते निरुपद्रवी असतात. त्यांत केराटिनच्या बारीक पांढऱ्या गोळ्या आणि काळपट छिद्रे दिसतात. रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीत तांबडी-जांभळी तळी दिसतात. डर्मॅटोफायब्रोमा या टणक छोट्या गाठीत मधे पांढरा ठिपका आणि भोवती नाजूक जाळी असते. बेसल सेल कार्सिनोमा हा सावकाश वाढणारा कर्करोग. त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या रक्तवाहिन्या, करड्या-निळ्या अंडाकृती गोळ्या आणि पानासारखे आकार आढळतात. गोऱ्या त्वचेवर तो बहुधा गुलाबी, मोत्यासारखा चमकदार असतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर मात्र पुष्कळदा काळपट असतो आणि नुसत्या डोळ्यांना मेलानोमासारखा भासू शकतो. येथे डर्मोस्कोप फार उपयोगी पडतो.

एवढे सारे वाचून वाटेल, की आता खुणांची यादी पाठ केली म्हणजे झाले. अडचण येथूनच सुरू होते.

५.४५ म्हणजे किती?

वर उल्लेखिलेली गुणपद्धती १९९४ साली जर्मनीतील नाखबार, श्टोल्ट्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिला ए-बी-सी-डी नियम म्हणतात. तिचे चार विभाग असे : असममितीला ० ते २ गुण, कडा, डागाचे आठ भाग पाडून जितक्या भागांत ती एकदम तुटते तितके, म्हणजे ० ते ८, रंगांना १ ते ६ (पांढरा, तांबडा, फिकट तपकिरी, गडद तपकिरी, करडा-निळा, काळा), आणि जाळी, ठिपके, गोळ्या अशा रचनांना १ ते ५. मग या गुणांना अनुक्रमे १.३, ०.१, ०.५ आणि ०.५ ने गुणून बेरीज करायची. बेरीज ४.७५ हून कमी असेल तर डाग निरुपद्रवी, ५.४५ हून जास्त असेल तर बहुधा मेलानोमा, मधला संशयित.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालून पाहा : या पद्धतीत बेरीज कधी नेमकी ५.४५ येऊ शकेल का? येऊ शकणार नाही. सर्व गुणांक एका दशांश स्थळाचे आणि सर्व गुण पूर्णांक, त्यामुळे बेरीज ५.४ येईल किंवा ५.५ येईल. सीमारेषा दोहोंच्या मधे आखली, यात गैर काही नाही. पण दुसऱ्या दशांश स्थळामुळे वाचणाऱ्याला जी सूक्ष्मता जाणवते ती मोजमापात नाही.

आता एक डाग घेऊ. असममिती १, कडा ४, रंग ४, रचना ३. हिशेब : १.३ + ०.४ + २.० + १.५ = ५.२. डाग संशयित. त्याच डागात दुसऱ्या डॉक्टरांना पाच रंग दिसले तर बेरीज ५.७, म्हणजे बहुधा मेलानोमा. तिसऱ्यांना तीनच दिसले तर ४.७, म्हणजे निरुपद्रवी. फरक कशाचा? फिकट तपकिरी कोठे संपतो आणि गडद तपकिरी कोठे सुरू होतो, एवढ्याच मताचा. एका रंगाच्या मतभेदावर एक रुग्ण घरी जातो, दुसऱ्याची शस्त्रक्रिया ठरते.

हा नुसता कागदावरचा तर्क नाही. २००० साली इंटरनेटवर झालेल्या एका परिषदेत ४० अनुभवी तज्ज्ञांनी १०८ डाग तपासले. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच तज्ज्ञाने तोच डाग पुन्हा पाहिला तर त्याची निरीक्षणे चांगली जुळत. दोन तज्ज्ञांची तेवढी जुळत नसत. उत्तरपत्रिकांचाच अनुभव. शिवाय गुणांची बेरीज न करता एकूण आकृतिबंध पाहून मत देण्याच्या जुन्या व्हिएन्ना पद्धतीने निरुपद्रवी डाग अधिक अचूक वगळले गेले.

आणखी एक अट घाईत विसरली जाते. हा नियम फक्त मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींच्या डागांसाठी आहे. आधी डाग त्या वर्गातला आहे का हे ठरवायचे, मगच गुण द्यायचे. सेबोरिक केराटोसिसला या कोष्टकाने गुण दिले तर तो सहज ‘मेलानोमा’ ठरू शकतो. भूगोलाची उत्तरपत्रिका गणिताच्या नमुना उत्तरांवरून तपासण्यासारखेच ते. आणि हा पहिला, सर्वांत कठीण निर्णय कोष्टकात नाहीच. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलेला आहे.

नियमाच्या बाजूने सांगायला हवे, की तो नवख्या डॉक्टरांसाठी होता आणि डागाचा प्रत्येक भाग शिस्तीने पाहायला त्याने शिकवले. हे काम मोठे आहे. शिस्त म्हणून तो उत्तम, निकाल म्हणून अपुरा.

शिकलेला डोळा आणि न शिकलेला

१९९५ मध्ये व्हिएन्नातील बिंडर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : उपकरण हाती दिल्याने निदान सुधारते का? रीतसर शिक्षण घेतलेल्यांचे सुधारले. न घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञांचे उलट थोडे बिघडले. अधिक तपशील दिसला, पण त्यातला महत्त्वाचा कोणता हे कळत नव्हते. २००२ साली किटलर आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यास एकत्र तपासले आणि हाच निष्कर्ष काढला : प्रशिक्षितांना लाभ, अप्रशिक्षितांनी वापरू नये.

या लेखात अचूकता ४९ टक्क्यांनी सुधारल्याचे म्हटले होते. तो आकडा पुढे बराच फिरला. वाचणाऱ्याला वाटते, शंभरांत आणखी ४९ निदाने बरोबर येऊ लागली. प्रत्यक्षात ती शक्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदममधली, २.७ पासून ४.० पर्यंतची वाढ होती. टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय टक्केवारी स्वीकारू नये, हा धडा शाळेतच दिलेला बरा.

हजारांतील एक

समजा, डोळा शिकलेला आहे. २०१८ च्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार, निरोगी डागांपैकी ८० टक्के योग्य रीतीने वगळले जातील अशी पातळी धरली, तर नुसत्या नजरेने १०० पैकी ७६ मेलानोमा सापडतात आणि डर्मोस्कोपीने ९२. सुधारणा भरीव आहे. मेलानोमा एक मिलिमीटरहून पातळ असताना काढला तर बहुतेक रुग्ण वाचतात, म्हणून हे १६ जास्तीचे फार मोलाचे.

आता दोन दवाखान्यांची कल्पना करा. पहिल्यात तपासलेल्या १,००० डागांत १०० मेलानोमा आहेत. ९२ सापडतील, उरलेल्या ९०० पैकी २० टक्के, म्हणजे १८० डागांवर खोटा आळ येईल. संशयित ठरलेल्या तिघांत सुमारे एक खरा. दुसऱ्या दवाखान्यात १,००० डागांत एकच मेलानोमा आहे. तेथे खोटे आळ सुमारे २००, आणि खरा फार तर एक. उपकरण तेच, डोळा तोच, पण ‘संशयित’ या शब्दाचा अर्थ बदलला.

ऑस्ट्रेलियात मेलानोमा दरवर्षी लाखात तीसहून अधिक लोकांना होतो. भारतात लाखात एकालाही नाही. तेथील अनुभवावर बेतलेला कोणताही आकडा येथे जसाच्या तसा आणताना हा हिशेब करावा लागतो. मात्र ‘आपल्याकडे होतच नाही’ हा निष्कर्ष त्याहून धोक्याचा आहे.

सरी आणि वरंबा

माझ्या आत्याच्या टाचेवर एक काळा डाग होता. आयुष्य शेतात गेलेले, त्यामुळे घरात सगळे त्याला कुरूप समजत. गावाजवळच्या एका दवाखान्यात ते दोनदा तासून पट्टी बांधली गेली. दीड वर्षाने जखम भरेना तेव्हा शहरात आणून तुकडा तपासला. मेलानोमा होता, आणि तो जांघेतील गाठींपर्यंत पोचला होता.

सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलानोमा कमी. पण जो होतो त्याचा मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखाली असतो. तेथे मेलॅनिनचे संरक्षण असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही. सूर्यप्रकाश हे त्याचे मुख्य कारण नव्हेच. तळव्याच्या त्वचेवर ठशात उमटतात त्या समांतर रेषा असतात : शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या. जपानमधील सायदा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो आणि मेलानोमाचा वरंब्यावर. वरंब्याच्या मध्यावर घामाच्या छिद्रांची पांढरी ठिपक्यांची ओळ असते, त्यावरून वरंबा ओळखायचा. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या अवस्थेतील मेलानोमांपैकी सुमारे ८६ टक्क्यांत ही खूण होती, आणि निरुपद्रवी डागांपैकी ९९ टक्क्यांत नव्हती. अपवाद येथेही आहेत. त्वचेत रक्त साकळले किंवा बाहेरून रंग लागला तर वरंब्यावर रंग दिसू शकतो, आणि १४ टक्के मेलानोमात खूण नसतेच.

आत्याच्या त्या दवाखान्यात डर्मोस्कोप असता तर? हा प्रश्न मी अनेक वर्षे मनाशी घोळवला. आता वाटते, उपकरण असते आणि भिंतीवर ए-बी-सी-डीचे कोष्टकही टांगलेले असते, तरी ते पुरले नसते. तळव्याच्या डागांना ते कोष्टक लागू नाही. कोणाला तरी सरी-वरंबा शिकवलेला असायला हवा होता, आणि त्याहून आधी, टाचेवरचा वाढता काळा डाग कर्करोगाचा असू शकतो ही शंका यायला हवी होती.

यंत्रही गुणच देते

अलीकडे संगणकाला चित्रे दाखवून निदान शिकवले जाते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने १,२९,४५० चित्रांवर शिकवलेल्या यंत्राची २१ त्वचारोगतज्ज्ञांशी तुलना केली. यंत्र त्यांच्या बरोबरीचे ठरले. यांतली डर्मोस्कोपीची चित्रे फक्त ३,३७४ होती, बाकी साधी छायाचित्रे. पुढच्याच वर्षी त्या गटातील संशोधकांनी प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली. चित्रात मोजपट्टी दिसली की यंत्र डाग कर्करोगाचा असल्याचे अधिक वेळा सांगे. डॉक्टर संशयित डागाशेजारीच पट्टी ठेवून छायाचित्र घेतात. यंत्राने डागाबरोबर पट्टीही शिकून घेतली. २०१९ मध्ये जर्मनीतील संशोधकांना असेच आढळले : शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर जांभळ्या शाईने केलेल्या खुणांमुळे निरुपद्रवी डागही यंत्राला घातक वाटत. ‘सुवाच्य अक्षर म्हणजे हुशार विद्यार्थी’ असे परीक्षकाने शिकावे, तसे हे झाले.

२०२२ मध्ये निरनिराळ्या वर्णांच्या रुग्णांची, बायॉप्सीने पक्के निदान झालेली ६५६ चित्रे अशा यंत्रांना दाखवली गेली. गडद त्वचेवर त्यांची कामगिरी खालावली. त्या यंत्रांना जे दाखवलेच नव्हते, ते त्यांना कसे ओळखता येणार? अशी यंत्रे मोबाइलमधून आपल्यापर्यंत येत आहेत. ती वापरण्यापूर्वी, ती कोणाच्या त्वचेवर शिकली हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासारखे

माझे म्हणणे असे : डर्मोस्कोप पुरावा वाढवतो, निर्णय देत नाही. अंतिम निदान आजही संशयित डागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, आणि तेथेही पाहणारा माणूसच असतो. मोजमाप आणि मत यांत फरक आहे. मताला दशांश चिन्ह दिले म्हणून त्याचे मोजमाप होत नाही, आणि मत आहे म्हणून ते कवडीमोलही ठरत नाही. ते कोणाचे, किती शिकलेले आणि कशावर शिकलेले, हे तपासायचे असते.

हे वर्गात एका तासात दाखवता येईल. बदामाच्या झाडाचे पिकत आलेले एक पान घ्या. त्यात हिरवा, पिवळा, तांबडा, तपकिरी असे रंग मिसळलेले असतात. चाळीस विद्यार्थ्यांना, एकमेकांना न विचारता, त्यातील रंग मोजून चिठ्ठीवर लिहायला सांगा. फळ्यावर स्तंभालेख काढा. मग रंगांची नावे आधी ठरवून, प्रत्येकाचा नमुना दाखवून, तेच पान पुन्हा मोजायला लावा. स्तंभ किती जवळ आले ते पाहा. शिक्षणाने एवढे साधते. तरीही कडेला काही चिठ्ठ्या उरतील. त्या लिहिणाऱ्यांना काय दिसले ते विचारा आणि पान पुन्हा हातात घ्या.

आणि तास संपताना मुलांना एवढे सांगा, की घरी कोणाच्या तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग असेल, तो वाढत असेल किंवा त्याचा रंग बदलत असेल, तर त्याला कुरूप म्हणून तासू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.